आतल्या खाचांतला स

मास्तरांना संगीतातलं काही कळत नाही असं कुणी म्हणालं असतं, तर त्यांनी ते हसत कबूल केलं असतं. कोण सुरात गातंय आणि कोण भलतीकडे चाललंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण कुठलंही गाणं दोन मिनिटं ऐकवा, ते तबकडीवर किती जागा खाईल, कुठे अडेल आणि कुठे दगा देईल, हे ते डोळे मिटून सांगत. निदान त्यांचा तसा समज होता.

एकतीस वर्षं ते तबकड्या कापत होते. तळमजल्यावरची एक खोली, मधोमध चौघांनाही न हलणारा लेथ, त्यावर फिरणारी ॲल्युमिनियमची चकती, चकतीवर लॅकरचा गुळगुळीत काळा थर, आणि त्या थरात गाण्याची खाच पाडत बाहेरून आत सरकणारी माणकाची तापलेली सुई. कापलेल्या लॅकरचा केसासारखा धागा निघतो, तो एका बारीक नळीतून सतत ओढून घ्यायचा. नळी जरा चुकली की धागा सुईखाली अडकतो आणि चकती फुकट जाते. नीट कापलेली चकती कारखान्यात जाते, तिच्यावरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांतून तबकड्या निघतात. मास्तरांच्या हातून जे चुकेल ते प्रत्येक तबकडीत जसंच्या तसं उतरणार. त्यामुळे या धंद्यात त्यांचा मान मोठा होता, आणि तोरा मानापेक्षा दोन बोटं जास्तच.

"प्रत्येक गाण्याला स्वभाव असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. नाचाची गाणी अंगाने जाडजूड. त्यांच्या ठोक्यासरशी खाच डावी-उजवीकडे हेलकावे खाते, शेजारच्या खाचेला धक्के देते, म्हणून त्यांना ऐसपैस जागा द्यावी लागते. पंधरा मिनिटांत चकती भरून जाते. पियानो चुगलखोर. चकतीच्या फिरण्यात तिळाएवढा फरक पडला तरी लांबलेला सूर थरथरतो आणि चारचौघांत तुमची अब्रू काढतो. गिटारवाले कितीही बोंबलू देत, कापायला गरीब गाय. आणि माणसाचा आवाज? तो वरवर साधा, पण त्यातला 'स' भल्याभल्यांचा घाम काढतो. 'स' म्हणजे नुसती हवा, पण ती हवा सुईला सेकंदाला हजारो वेळा थरथरायला लावते. चकतीच्या बाहेरच्या कडेला फेरा मोठा असतो, तिथे हे निभावतं. आत, मध्याजवळ, फेरा लहान होतो, तेवढ्याच वेळात सुईला कमी वाट मिळते आणि सगळं दाटीवाटीने कोंबावं लागतं. तिथे जोरात 'स' आला की तबकडी वाजवताना तो फाटतो, कापड टरकावल्यासारखा.

हे सगळं ज्याला तोंडपाठ, त्यानेच माती खाल्ली.

मास्तरांची थोरली बहीण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे झाले तरी ही ताई त्यांना 'छोट्या' म्हणे, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. ताईच्या पुढच्या दोन दातांत फट होती, चांगली आगपेटीची काडी जाईल एवढी. त्या फटीतून तिचा 'स' बारीक शीळ घातल्यासारखा बाहेर पडे. लहानपणी मास्तरांनीच तिचं नाव 'खिडकी' पाडलं होतं. "खिडकी लाव, वारा येतोय," असं म्हणून ते पळत, आणि ताई चप्पल घेऊन मागे. पण नोकरी लागली तशी त्याच फटीने तिला नाव मिळवून दिलं. लाइनवर कितीही खरखर असो, ताईचं बोलणं पलीकडे स्पष्ट पोचायचं. लोक आवर्जून विचारायचे, "त्या शिट्टीवाल्या बाई आहेत का? त्यांना द्या, त्यांचं कळतं." ताई हे सांगताना फट दाखवून हसायची.

मग एक्स्चेंज बंद झालं. सगळं यंत्रांवर गेलं, बायका घरी बसल्या. त्यांतल्या नऊजणी मात्र दर गुरुवारी दुपारी एका शाळेच्या वरच्या मजल्यावर जमत आणि गात. त्यांच्या म्होरक्या बाई बहात्तर वर्षांच्या. त्यांना अजून सगळ्या 'सुपरवायझर' म्हणत आणि त्यांच्यासमोर खुर्ची सरकवतानाही आवाज करत नसत. कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपल्या गाण्यांची एक खरीखुरी तबकडी काढावी. नऊजणींनी स्टुडिओत जाऊन गाणी टेपवर भरली. शेवटचं गाणं त्यांचं स्वतःचं होतं. एक्स्चेंजच्या शेवटच्या दिवशी, बोर्डावरचे दिवे विझत असताना, त्यांनी ते जुळवलं होतं. त्याची सुरुवात 'सगळ्या तारा सुटल्या, सगळ्या सयांनो, सांभाळा' अशी, आणि पुढेही ओळीओळीला 'स' पेरलेला. इतर गाणी हलकी, गुणगुणल्यासारखी. हे मात्र नऊजणी पोटातून गात, आणि सर्वांत वर ताईचा आवाज. ते शेवटीच हवं, ही सुपरवायझरची अट.

"छोट्या, तूच कापायची हं," टेप हातात देताना ताई म्हणाली. "मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा भाऊ करणार म्हणून. घाई नको करूस. नीट ऐक आधी."

"तू मला शिकव आता," मास्तर म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे नाचाच्या गाण्यांचं मोठं काम होतं. त्यात त्यांचा जीव रमला होता. चार दिवस ते ठोक्यांशी झुंजत होते. पाच चकत्या नुसत्या ऐकून बघण्यासाठी कापल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून खाचांचे हेलकावे तपासले, जेवणाचा डबा तसाच परत नेला. शुक्रवारी दुपारी ते काम मनासारखं झालं आणि मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. मग कोपऱ्यातली ताईची टेप दिसली.

त्यांनी प्रत्येक बाजूची पहिली दोन गाणी ऐकली. मऊ, संथ, एकाच पट्टीतली. 'बायकांचं गुरुवारचं गाणं,' त्यांनी मनात म्हटलं, 'सगळं असंच असणार.' आवाजाची पातळी त्या गाण्यांवरून ठरवली, आणि चांगली चढी ठरवली, म्हणजे मऊ गाणी खरखरीत बुडू नयेत. दुसरी बाजू सव्वीस मिनिटांची होती, म्हणजे शेवटचं गाणं अगदी मध्याशी जाऊन भिडणार होतं. तेही त्यांच्या लक्षात आलं. पण हलक्या गाण्याला काय होतंय! ऐकून बघण्यासाठी आधी एक चकती कापायची असते, तीही कापली नाही. लेथ चालू केला, धागा नळीत नीट जातोय एवढं पाहिलं आणि ते शेजारच्या खोलीत गेले. तिथे नाचाच्या गाण्यांवाले चहा घेऊन बसले होते आणि मास्तरांची तोंड भरून स्तुती करत होते. नऊ बायका पोटातून गात होत्या, सुई आतल्या दाटीत धडपडत होती, आणि मास्तर बिस्किट बुडवत सांगत होते की प्रत्येक गाण्याला स्वभाव असतो.

तीन आठवड्यांनी कारखान्यातून तपासणीच्या तबकड्या आल्या. त्या गुरुवारी मास्तर स्वतः प्लेअर घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर गेले. बाकांवर नऊजणी नीटनेटक्या बसल्या होत्या. ताई पहिल्या बाकावर, इस्त्रीची साडी नेसून, भावाकडे बघत.

पहिली बाजू छान वाजली. दुसरीही छान चालली होती. मग शेवटचं गाणं सुरू झालं आणि पहिल्याच शब्दाला तबकडी टर्रकन फाटली. 'सगळ्या'तला स फाटला, 'सुटल्या'तला फाटला, 'सयांनो'ला तर नुसता किसणीवर पत्रा घासल्यासारखा आवाज आला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

मास्तरांना पहिल्या क्षणी कळलं. आतल्या खाचा, चढी पातळी, नऊ गळ्यांचा 'स' आणि एका सुईचा बळी. न ऐकलेलं गाणं. एवढंच म्हणायचं होतं, "माझं चुकलं, मी परत कापतो." पाच शब्द. ओठांपर्यंत आलेही होते.

"हे काय आहे?" सुपरवायझरने विचारलं. "टेपवर तर स्वच्छ होतं."

आणि त्या 'टेपवर स्वच्छ' या शब्दांनी मास्तरांचा तोरा डिवचला गेला. एकतीस वर्षांत कुणी त्यांना असं विचारलं नव्हतं. "टेपवर झाकून जातं," ते म्हणाले. आवाज अगदी तज्ज्ञाचा निघाला, त्यांना स्वतःलाही पटेल असा. "तबकडीवर उघडं पडतं. कटिंगमध्ये काही नाही. मुळात आवाजातच आहे. कुणाचा तरी 'स' दातांतून सुटतोय, तो सुईला झेपत नाही."

यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच ते खपलं. टेपला जो 'स' चालतो तो सुईला जड जातो, हे खरंच आहे. तो जड जाऊ नये म्हणूनच तर कापणारा माणूस ठेवतात. तेवढं मास्तरांनी सांगितलं नाही.

'कुणाचा तरी' म्हटल्यावर आठ माना ताईकडे वळल्या. ताईने हात उचलून तोंडावर ठेवला.

"माझाच असणार," हाताआडून ती म्हणाली. "माझा स तसाच आहे ना. अगं, मला लहानपणापासून चिडवायचे." आणि ती हसली, पण हात काढला नाही.

मास्तर प्लेअर आवरू लागले. प्लेअरची वायर गुंडाळायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या वन्सं? आवडली का तबकडी?"

"थोडं काम आहे अजून."

"तुमच्याकडून राहिलं?"

"नाही गं. रेकॉर्डिंगमध्येच आहे," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला काहीच जड गेलं नाही. याचीच त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्यांनी मनाशी हिशेब जुळवला होता. चार दिवसांनी ताईला फोन करायचा, म्हणायचं, मी एक युक्ती काढली आहे, परत कापून बघतो. तबकडी सुधारेल, ताईला बरं वाटेल, आणि कुणाची चूक हा विषय आपोआप विरून जाईल. सगळं कसं बेताने. पण चार दिवसांचे दहा झाले, कारण फोन उचलला की तोंडावरचा तो हात डोळ्यांसमोर यायचा. आणि एका सकाळी ताईच दारात उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली आणि तोंड उघडून हसली.

फट नव्हती. पुढचे दोन्ही दात पांढरेशुभ्र, सारखे, एकमेकांना चिकटून.

"वन्सं! किती छान दिसताय!" मास्तरांची बायको पुढे झाली. "कधी केलंत?"

"गेल्या आठवड्यात. दोन्ही दात कानशीने घासून बारीक केले आणि वरून टोप्या बसवल्या. डॉक्टर म्हणाला, आता हे कायमचं, मागे फिरता यायचं नाही. म्हटलं, मागे फिरायचंय कुणाला? पासष्ट वर्षं शिट्टी वाजवली, पुरे." मग ती भावाकडे वळली. "सुपरवायझरशी बोलले मी. शेवटचं गाणं तेवढं परत भरायचं. माझ्यापायी आठजणींचं वाटोळं नको. तू सांगितलंस म्हणून बरं झालं, छोट्या. बाकी कुणी तोंडावर सांगितलं नसतं."

मास्तर खुर्चीवर बसून होते. बायकोने चहा आणला तो त्यांनी हातात धरला आणि निवू दिला. आत्ता सांगावं, असं त्यांना वाटलं. पण घासलेले दात काय परत येणार होते? सांगून काय होणार, उगीच तिच्या जिवाला घोर, अशी स्वतःची समजूत त्यांनी घातली. ताईच्या जिवाची काळजी ही सबब त्यांना फार सोयीची वाटली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कानाने टिपली. ताई नव्या दातांनी बोलत होती आणि तिचा 'स' जाड येत होता, थोडा 'श'कडे कललेला. बोलताना ती मधेच थांबून जीभ कुठे लावावी ते चाचपत होती. सवय होईल, असं ती म्हणाली.

नवी टेप आली. या खेपेला मास्तरांनी ती सहा वेळा ऐकली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दुसऱ्या बाजूचं एक संथ गाणं पहिल्या बाजूला हलवलं, म्हणजे शेवटचं गाणं मध्यापासून दूर, मोकळ्या जागेत संपेल. पातळी उतरवली. कोरी सुई बसवली. आधी एक चकती कापून ऐकली, मग दुसरी, आणि मगच खरी. ऐकण्यापुरती कापलेली दुसरी चकती शाळेत वाजली तेव्हा सगळं काचेसारखं स्वच्छ होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझर ताईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "दातांनीच घोळ घातला होता म्हणायचा."

"आणि मास्तरांनी तो बरोबर पकडला," दुसरी कुणीतरी म्हणाली.

"भाऊ कुणाचा आहे!" ताई म्हणाली. तिच्या तोंडावर अभिमान होता, खराखुरा. मास्तरांना आयुष्यात इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं. नऊजणी कौतुकाने बघत होत्या आणि त्यांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. त्यांनी घशात काहीतरी अडकल्यासारखं केलं आणि जिना उतरून खाली येऊन पाण्याच्या नळाशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच कामाच्या खोलीत गेले आणि जुनी टेप लेथला लावली. तीच जागा, तीच उतरवलेली पातळी, तशीच कोरी सुई. नव्या गाण्याला जेवढी काळजी घेतली तेवढीच. कुठे तरी, मनाच्या तळाशी, त्यांना आशा होती की जुना आवाज खरंच फाटेल. मग निदान अर्धा गुन्हा माफ होईल.

फाटला नाही. कुठेच नाही. नऊजणींच्या आवाजावर ताईचा 'स' उठला, बारीक, लखलखीत, एकेका शब्दाला धार लावत. 'सगळ्या तारा सुटल्या' म्हणताना ती शीळ खरोखर तारेतून आल्यासारखी लांब जात होती. नवं रेकॉर्डिंग स्वच्छ होतं, पण त्यात हे नव्हतं. त्यात नऊ बायका बरोबर गात होत्या, एवढंच. मास्तरांनी गाणं चार वेळा लावलं. ज्याला संगीतातलं काही कळत नाही तो माणूस स्टुलावर बसून रडला, आणि रडतानाही त्याला स्वतःची कीव आली नाही, किळस आली.

दुपारी त्यांनी ताईला बोलावून घेतलं. काहीच प्रस्तावना न करता चकती लावली. ताई उभ्याउभ्याच ऐकत होती. पहिल्या 'स'ला तिने मास्तरांकडे पाहिलं, मग पुन्हा चकतीकडे. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही.

"ही जुनी टेप?" तिने विचारलं.

"हो."

"मग फाटत कशी नाही?"

"कारण फाटत नव्हतीच, ताई. मी फाडली." आता थांबलो तर पुन्हा जमणार नाही हे त्यांना माहीत होतं. "मी ऐकलीच नव्हती. पहिली दोन गाणी ऐकली आणि लेथ चालू करून चहा प्यायला गेलो. शेवटचं गाणं कसं आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि सगळ्यांसमोर विचारल्यावर तुझ्यावर ढकललं. तुझे दात चांगले होते. तुझ्या दातांमुळे काही झालं नव्हतं."

ताईने जिभेचं टोक नव्या दातांच्या मागून फिरवलं. तिला आता ती सवयच लागली होती.

"मी दात दाखवायला आले तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि टाळ्या वाजवल्या तेव्हा?"

"हो, ताई."

मास्तर वाट बघत होते. ती ओरडेल, रडेल, चप्पल घेऊन मागे लागेल, काहीतरी करेल. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं. ताईने पर्स खांद्याला लावली.

"गुरुवारी शाळेत ये," ती म्हणाली. "मला एकटीला सांगून सुटू नकोस. सगळ्यांसमोर ढकललंस ना? सगळ्यांसमोर सांग."

गुरुवारी मास्तर दोन्ही चकत्या घेऊन जिना चढले. बाविसाव्या पायरीवर थांबले, पुन्हा चढले. नऊजणींसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. चहाही सांगितला, बिस्किटही सांगितलं, सोयीची सबबही सांगितली. पहिली तीन वाक्यं शाळेतल्या पोरासारखी पाठ केलेली होती, पुढची तुटक आली. मग जुनं गाणं लावलं. एक बाई पदराने डोळे टिपत होत्या. ताई मागच्या बाकावर होती आणि खिडकीबाहेर बघत होती.

गाणं संपलं तेव्हा सुपरवायझरने हातातले गाण्यांचे कागद बाकावर ठेवले. त्या बायकांकडे वळल्या. "यात विचारायचं काय? हेच जाणार तबकडीवर. ही खरी आपली गाणारी बाई."

"हेच," दोघी-तिघी एकदम म्हणाल्या.

मास्तरांच्या मनावरचं ओझं किंचित सैल झालं. जुनं गाणं तबकडीवर जाईल, निदान आवाज तरी वाचेल. काहीतरी परत करता येईल.

"नाही," ताई म्हणाली.

सगळ्या मागे वळल्या.

"नवं जाऊ दे. तबकडी निघाल्यावर लोक आपल्याला गायला बोलावतील ना? तुम्हीच म्हणत होतात. मग कुणीतरी म्हणेल, ती शिट्टीवाली बाई कुठेय, तिला पुढे बोलवा." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द जपून ठेवत. "तिला मी कुठून आणू?"

सुपरवायझरने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मास्तर," शेवटी त्या म्हणाल्या, "नवी चकती कारखान्यात कधी जाईल?"

"सोमवारी," मास्तर म्हणाले. आपला आवाज त्यांना ओळखू आला नाही.

"बरं." त्यांनी कागद उचलले. "चला, उभ्या राहा. तिसऱ्या कडव्यापासून घेऊ."

बाक सरकले. नऊजणी अर्धगोलात दोन रांगा करून उभ्या राहिल्या आणि दरवाजा त्यांच्या पाठीमागे गेला. आता बाहेर पडायचं तर मास्तरांना त्यांच्या मधूनच जावं लागणार होतं. ते प्लेअरशेजारी उभेच राहिले. तेच शेवटचं गाणं सुरू झालं. ताई दुसऱ्या रांगेत होती. ध्रुवपदातला 'सांभाळा' हा शब्द जवळ आला तशी तिने मान थोडी खाली घातली, ओठ मिटले, आणि तो शब्द बाकीच्या आठजणींना म्हणू दिला.